खांबाला नेसवलेलं लुगडं

आमच्या अंगणातल्या मांडवाचा चुलीकडचा खांब त्या हिवाळ्यात बाई झाला. सागाचा जुना खांब, मधोमध एक गाठ असलेला. नाटकमंडळातल्या पोरांनी तालमीसाठी त्याला आईचं विटकं लुगडं गुंडाळलं, कारण नायकाचं काम करणाऱ्या रामदासला नुसत्या लाकडाशी प्रेमानं बोलता येत नव्हतं. धनराजभाऊ मंडळाचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि नाटकातले दुष्ट सासरे, असं सगळंच होते. ते म्हणाले, "हे पाय रामदास, हे तुही बायको. हिच्या डोळ्यात पाहून बोल." रामदास म्हणाला, "भाऊ, डोळे कुठी हायेत?" तर कोणीतरी खडूनं गाठीच्या वर दोन डोळे काढून दिले. आई आतून ओरडली, "माहं लुगडं सोडा ना बापाहो! उद्या लोकं म्हनतीन, शांताबाई नाटकात उभी राह्यली." सगळे हसले. आईही हसली. लुगडं मात्र खांबावरच राहिलं.

आमच्या झाडीत, नागभीड-चामोर्शीकडच्या या मुलखात, धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो. दिवसा शंकरपटात बैलांच्या जोड्या पळायच्या आणि रात्री नाटक असायचं. प्रत्येक घरात पाहुणे, प्रत्येक चुलीवर वड्यांची कढई. माझ्या लहानपणी बायकांची कामं मिशा काढलेले पुरुषच करत. मग नागपूरहून नट्या आणायची पद्धत पडली आणि मिशा परत आल्या. पुरुष गावातलेच, दोन महिने तालीम करणारे. नटी मात्र नाटकाच्या दिवशी दुपारी यायची. हंगामभर ती रोज वेगळ्या गावात वेगळं नाटक करायची, काल कोणाची सून, आज कोणाची रखेल. नाटकाचं नावही तिला कधीकधी माहीत नसायचं. आडोशाला उभा राहून एक जण तिला वाक्य सांगायचा, ते ऐकून ती मोठ्यानं म्हणायची. त्यामुळे तालमीत नटी नसतेच. तिच्या जागी काहीतरी उभं लागतं, आणि गावातली बाई उभी करायची तर प्रश्नच नव्हता. म्हणून खांब.

ते नाटक मी लिहिलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि माझी सगळी भाषा पत्रकांतून आलेली होती. बाबा नागभीडच्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. लग्नपत्रिका, शंकरपटाची पोस्टरं, मोर्चाची पत्रकं, जयंतीच्या सभांची आवाहनं. बिघडलेले कागद ते घरी आणत. आमच्या भिंतींवर ते कागद, डब्याच्या तळाशी ते कागद, भाकरी गुंडाळायची तीही "बंधुभगिनींनो, जागे व्हा!" मध्ये. शाईचा वास आणि कांद्याचा वास मला अजून वेगळे करता येत नाहीत. मी मावशीला लिहिलेल्या पहिल्या चिठ्ठीची सुरुवात "तमाम शोषित मावशीस" अशी होती, हे आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची. बाबा हसायचे नाहीत. ते माझ्या वहीतली उद्गारचिन्हं मोजून म्हणायचे, "येवढे खिळे आमच्या पेटीत नाईत, बेटा. दोन-तीन काढ." वस्तीतल्या विहारात ते बोलायला उभे राहिले की बायकांना पुढं बसवायचे. बाई शिकली पाहिजे, बाई बोलली पाहिजे, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते हवेसारखं वाटायचं.

नाटकाचं नाव होतं 'मीच माझी धनीण'. सगुणा नावाची एक बाई नवऱ्याच्या घरात राबते, सासरा तिला घराबाहेर काढायला निघतो, आणि शेवटी ती सगळ्यांसमोर उभी राहून बोलते. बोलते म्हणजे फारच बोलते. मंडळाला नाटक आवडलं, नाव आवडलं नाही. धनराजभाऊ म्हणाले, "धनीण म्हनलं त लोकाईले वाटन सावकाराचं नाटक होय. कुंकू पाह्यजे नावात." मग ते 'कुंकवाने घेतला सूड' झालं. मी चिडले तेव्हा बाबा म्हणाले, आतलं भाषण शाबूत आहे ना, मग नावाचं काय एवढं.

सगुणाची वाक्यं आधी मंडळातला एक पोरगा वाचायचा. त्याचा आवाज फुटत होता. तो "प्राणनाथ" म्हणाला की तालीम थांबायची. शेवटी धनराजभाऊंनीच मला सांगितलं, तू आतून वाच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे, कंदील खाली ठेवून, समोर तांदळाची सुपं. आई बाजूला लाखोरीची डाळ निवडायची. बाहेर अंगणात शरीराच्या जागी खांब आणि आवाजाच्या जागी मी. महिना-दीड महिना असं चाललं. रामदास साधा शेतकरी, आई आणि बहीण सोडून कोणत्या बाईशी चार शब्द बोललेला नव्हता. आवाज खिडकीतून यायचा, म्हणून तो खिडकीकडे वळायचा. धनराजभाऊ काठी आपटायचे, "खांबाकडे पाय बे, खांबाकडे! खिडकीशी लगन लागलं का तुहं?" रामदास ओशाळून खांबाकडे तोंड करायचा आणि पुढच्याच वाक्याला मान परत खिडकीकडे. आई पुटपुटायची, "हा पोट्टा नाटक खराब करन." तिचं म्हणणं शब्दशः खरं ठरायचं होतं.

एका संध्याकाळी मी वाचणं थांबवलं आणि दारात येऊन म्हणाले, सगुणाचं काम मीच करते. मला पूर्ण पाठ आहे, नागपूरहून कशाला कोणाला आणता. रामदास खांबाच्या मागे गेला. धनराजभाऊ मग अगदी मायेनं म्हणाले, "सुशी, तू आपल्या वस्तीची लेक होय. त्या बायांचं वेगळं असते." मी विचारलं, वेगळं म्हणजे काय. ते म्हणाले, "काऊन विचारून राह्यली? तुले समजत नाई का?" मी बाबांकडे पाहिलं. ते गॅसबत्तीला हवा भरत होते. बत्तीला पुरेशी हवा होती. मी म्हणाले, ठीक आहे, मग पोस्टरवर लेखक म्हणून माझं नाव टाका.

तेही जमलं नाही. ज्या कागदावर नटीचं नाव, त्याच कागदावर घरच्या मुलीचं कसं छापायचं, आणि तो कागद पानठेल्यावर, दारूभट्टीवर चिकटणार. शिवाय नाटकाच्या दिवशी चामोर्शीहून मला पाहायला पाहुणे येणार होते. आमच्याकडे सोयरिकी नाटकाच्या गर्दीतच जमतात. बाबांनी पोस्टर स्वतः जुळवलं. बिघडलेला एक कागद नेहमीप्रमाणे घरी आला. सगळ्यांत वर, पेटीतल्या सगळ्यांत मोठ्या लाकडी खिळ्यांत: 'नागपूरची सुप्रसिद्ध कुमारी चंद्रकला, नृत्य व अदाकारीसह'. खाली लहान टाईपात पुरुषांची नावं, प्रत्येकाच्या आधी श्री. लेखकाच्या जागी काहीच नव्हतं. बाबांनी तिथं एक फूल बसवलं होतं, लग्नपत्रिकेतलं. मी तो कागद बराच वेळ पाहिला. राग यायला हवा होता, मी रागावणारी मुलगी म्हणूनच वस्तीत ओळखली जायचे. पण काही आलं नाही. त्या कागदात आईनं दुसऱ्या दिवशी बाबांची भाकरी बांधली.

चंद्रकला नागपूरच्या छोट्या रेल्वेगाडीनं नागभीडला उतरली आणि छकड्यातून आमच्या घरी आली. आमच्याच घरी, कारण नटीला उतरवून घ्यायला बाकी कोणी तयार नव्हतं. पाहुणे मागच्या खोलीत होते, त्यांना ती पुढच्या खोलीत आहे हे कळू नये अशी आईची धडपड चालली होती. मी पोस्टर वाचून कोणी वेगळीच बाई डोळ्यांसमोर आणली होती. ही चाळिशीची होती, पायांना भेगा, टाचा सुजलेल्या, हातात एक टिनाची पेटी. तिनं तोंड उघडलं आणि फक्त हवा आली. लागोपाठ सात-आठ गावं झाली होती आणि तिचा आवाज पूर्ण बसला होता.

आईनं तिला आलं-मिऱ्याचा काढा दिला, मग ताटात वडे आणि पातोडीचा रस्सा. ती चुलीपाशीच बसून जेवली. मी समोर बसले होते. ती कुजबुजत बोलायची, ऐकायला मला वाकावं लागायचं. तिचं खरं नाव इंदू. "कुमारी काऊन लिहिते मालूम हाय का तुले? माहा मोठा पोरगा नववीत हाय." मी काहीतरी पत्रकातलं बोलले, शोषण वगैरे. तिनं मान हलवली, बोटं चाटली. म्हणाली, "तुहं बरोबर हाय बाई. पन रस्सा वाढ आधी." मग म्हणाली, की पुरुषाचा आवाज बसला तर नाटक पुढं ढकलतात, तिचा बसला तर नाच वाढवतात. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. रस्त्यात कुठं नाला लागतो ते सांगावं तसं सांगितलं.

आणि धनराजभाऊ आले ते हेच म्हणत. "बोलनं कमी करू, दोन नाच जास्तीचे टाकू. शेवटचं भाषण उडवू." मी उठून उभी राहिले. इंदूबाईनं माझ्या लुगड्याचा पदर धरून मला खाली बसवलं आणि त्यांना हातानं जवळ बोलावलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे साधी गोष्ट होती. आडोशातून वाक्य सांगायला कोणीतरी उभं राहणारच आहे. ते हळू सांगण्याऐवजी मोठ्यानं, माईकमध्ये सांगायचं. ती ओठ हलवेल. "हे पोरगी सांगन. हिले सारं पाठ हाय." धनराजभाऊंनी डोकं खाजवलं. कोणाला कळणार नाही, असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले.

मी बाबांकडे वळले. नाटकात घोषणा करायचं काम त्यांचं होतं, माईकचं यंत्रही तेच सांभाळत. मी म्हणाले, "मी बोलते. पण शेवटच्या अंकाआधी तुम्ही माझं नाव सांगायचं. लेखिका म्हणून. पोस्टरवर नाही तर नाही, तोंडानं सांगा." बाबा म्हणाले, "सांगतो." आईनं कढईतला वडा उलटवला. मला आजही तो क्षण आठवतो तो त्या तेलाच्या आवाजासकट, आणि मला झालेल्या आनंदासकट. त्या सबंध हिवाळ्यात मला जाणवलेलं असं तेवढंच.

आमच्याकडे नाटकासाठी शेतात मोठा खड्डा खणतात, निघालेल्या मातीचा रंगमंच करतात, खड्ड्यात धानाचं तणस पसरतात आणि लोक त्यावर बसतात. मधे दोर. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका-लेकरं. मी रंगमंचाच्या डावीकडे कनातीच्या आडोशाला उभी होते, समोर घोषणेचा माईक. माझ्यामागे टेबलावर यंत्र आणि बाबा. पहिले दोन अंक नीट गेले, त्यांत रामदासचं काम बहुतेक सासऱ्यासमोर होतं. इंदूबाई माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, पण मी श्वास घेतला की ती घ्यायची. कुठं थांबायचं ते मी ठरवत नव्हते, तिच्या पाठीवरून मला कळत होतं. माझा आवाज तणसावर बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून जाऊन पलीकडच्या सिंदीच्या झाडांना लागून परत यायचा. तो मला माझा वाटत नव्हता. चांगला होता.

मग तिसरा अंक. अंकाआधी बाबा माईकशी आले. त्यांनी शंकरपटात जिंकलेल्या जोडीचं नाव सांगितलं, मालकाचं सांगितलं, हरवलेल्या एका लेकराचं सांगितलं. मग "आता शेवटचा अंक" म्हणाले आणि मागे गेले. मी काही विचारायच्या आत पडदा वर गेला.

रामदासचं पहिलं वाक्य ठीक होतं. माझं वाक्य आलं, "धनी, माझ्याकडे बघून बोला." आणि रामदासनं बघितलं. महिना-दीड महिन्याच्या सवयीनं त्याची मान आवाजाकडे वळली. इंदूबाई त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी, आणि हा कनातीकडे तोंड करून म्हणाला, "सगुणे, तुझ्याशिवाय हे घर सुनं आहे." खड्ड्यात हशा झाला. तो घाबरला, आणि घाबरल्यावर तर तो पुरताच माझ्याकडे वळला, जणू खिडकी सापडली. बायकांच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अवं, हे त सुशी होय! प्रेसवाल्याची सुशी!" दुसरी म्हणाली, "होय वं, तिचाच गळा." दोराच्या पलीकडून शिट्टी आली. मग अजून. "ए सुशी, कपड्यामागं काऊन लपली? बाहेर ये!" "पोस्टरवर नाई लिहिलं बे, दोन नट्या हायेत म्हनून!" "नाचते का तेबी?"

मी थांबले नाही. भाषण सुरू झालं होतं. "तुम्ही मला घरची लक्ष्मी म्हणता. लक्ष्मीला देव्हाऱ्यात बसवण्याआधी कोणी विचारलं होतं?" एवढं वाक्य गेलं आणि माझ्यामागे खट् असा आवाज झाला. सिंदीच्या झाडांवरून पुढचं वाक्य परत आलं नाही. मी वळून पाहिलं. बाबांचा हात बटणावर होता. काळी शाई बसलेली बोटं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, यंत्राकडे पाहत होते, जसं काही तेच बिघडलं आहे.

मी बोलत राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. इंदूबाईनं वळून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि ओठ हलवत राहिली. आवाज नसलेली ती आणि माईक नसलेली मी, दोघींनी मिळून ते भाषण शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत पूर्ण केलं. ते आमच्या दोघींखेरीज कोणी ऐकलं नाही. खड्ड्यातल्या लोकांना एक बाई बराच वेळ तोंड हलवताना दिसली. मग त्यांनी टाळ्या वाजवून नाच मागितला, पेटीवाल्यानं सूर धरला, आणि इंदूबाई सुजलेल्या टाचांवर नाचली.

सकाळी ती छकड्यात बसताना माझ्या गालाला हात लावून गेली. खांबावरचं लुगडं आईनं काढून धुवायला टाकलं. बाबांनी चहा पिता पिता भिंतीवरच्या पत्रकाकडे बघत एवढंच म्हटलं, "पाहुने होते बेटा. चामोर्शीचे पाहुने समोरच बसले होते." मी हो म्हणाले. पुढं बाबा म्हातारे होऊन गेले, तरी या विषयावर आमच्यात त्याहून जास्त बोलणं झालं नाही. ते वाईट नव्हते. पत्रकं जुळवत राहिले शेवटपर्यंत, आणि त्यातला शब्द न् शब्द त्यांना खरा वाटायचा. मी अजूनही कुठं भाषणाला उभी राहिले की आधी यंत्रापाशी कोण बसलंय ते बघून घेते. संयोजकांना वाटतं, मी फार काटेकोर आहे.

पाहुण्यांकडून होकार आला. मला वाटलं होतं नकार येईल, मनातून तशी तयारीही होती. लग्नानंतर एकदा मी नवऱ्याला विचारलं, त्या रात्री तिसऱ्या अंकात काय झालं ते तुम्ही पाहिलंत ना. तो म्हणाला, "तिसरा अंक? आमी त दुसऱ्याच अंकात झोपलो होतो. तुमच्या घरचे वडे काय कमी खाल्ले होते का!" तो खरोखर सांगत होता. मला पाहायला आलेले तिघंही, बाप आणि दोन लेक, तणसावर घोंगडी ओढून झोपले होते. हे मी बाबांना कधी सांगितलं नाही.

लग्नाला चार-पाच हंगाम झाले असतील. चामोर्शीच्या बाजारतळापलीकडे नाटक होतं, कुठल्यातरी दरोडेखोराचं. मी दोराच्या अलीकडे बायकांत बसले होते, मांडीवर झोपलेली मुलगी. पोस्टरवर नाव वाचलं होतं, कुमारी चंद्रकला. ती आता नायिकेची आई झाली होती. दरोडेखोर मुलीला पळवून नेतो आणि आई आडवी येते, असा प्रसंग होता. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "तुम्ही मला घरची लक्ष्मी म्हणता." दरोडेखोर गोंधळून उभा राहिला, त्याच्या नाटकात हे नव्हतं. आडोशातून वाक्य सांगणारा कागद उलटसुलट करत असणार. ती थांबली नाही. "लक्ष्मीला देव्हाऱ्यात बसवण्याआधी कोणी विचारलं होतं?" तिचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. जाडसर होता, थोडा फाटलेला. माईक चालू होता. जिथं मी श्वास घेतला होता तिथंच ती श्वास घेत होती, आणि शेवटापर्यंत तिनं एक शब्दही सोडला नाही.

बायकांत कोणीतरी म्हणालं, "बोलली बाप्पा, बाई!" पुरुषांच्या बाजूनं नाचाची मागणी झाली. या वेळी दुसरी, तरुण मुलगी नाचली. मी मुलीच्या केसांत अडकलेलं तणस एकेक काडी करून काढत बसले. आपल्याला रडू येईल असं वाटून मी थोडी वाट पाहिली. आलं नाही.

सकाळी घरी जाताना नवऱ्यानं विचारलं, "कसं वाटलं नाटक?"

मी म्हणाले, "एक भाषण चांगलं होतं."

"कोनी लिहिलं होतं?"

"पोस्टरवर नव्हतं," मी म्हणाले आणि मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.